आधी पार्किंगच्या रेषा मारा, मग बोर्ड लावा

गेल्या उन्हाळ्यात अम्मीला गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दवाखाना परतवाड्यातल्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट आहे, काचेचं दार आहे, रात्री लांबून दिसणारा बोर्ड आहे. समोर गट्टू बसवलेलं चांगलं ऐसपैस आवार आहे. पण त्या आवारात आमचा ऑटो शिरू शकला नाही. दोन कार आडव्या लागलेल्या, त्यांच्या मधल्या फटींत मोटरसायकली, आणि अगदी दाराच्या पायरीला टेकून कुणाची तरी बुलेट. ऑटोवाल्यानं आम्हाला रस्त्यावरच उतरवलं. अम्मी गाड्यांच्या हँडलांना धरत धरत निघाली आणि तिची पोटरी एका गरम सायलेन्सरला चिकटली. गुडघा दाखवायला गेलो आणि भाजल्याचं मलम घेऊन आलो.

मी चौकीदाराला बोललो. तो बिचारा म्हणाला, "सर, पार्किंग आहे ना! सेठनं एवढी मोठी जागा सोडली."

या एका वाक्याशी माझं भांडण आहे. जागा सोडणं म्हणजे पार्किंग करणं नव्हे. मोकळी जागा आधी येणाऱ्याची, मोठ्या गाडीवाल्याची आणि कुणालाही न जुमानणाऱ्याची असते. तीच जागा मोजून, रेषा मारून वाटून दिली, की ती सगळ्यांची होते. वर्गात एक बाक चार मुलांना दिला, तर धिप्पाड मुलगा अर्ध्या बाकावर पसरतो. खडूनं खुणा केल्या की तोच मुलगा मुकाट सरकून बसतो. मुलगा सुधारलेला नसतो. त्याचं अतिक्रमण आता सगळ्यांना दिसतं, एवढाच फरक पडलेला असतो.

परतवाडा वाढतोय हे सांगायला नको. जुने लोक ज्याला अजून 'कॅम्प' म्हणतात, ते गाव कांडली, देवमाळीच्या बाजूनं पसरत चाललंय. मेळघाटातला माणूस खरेदीला इथेच येतो. सीमेपलीकडून भैसदेहीकडचे लोक येतात. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या गाड्या इथूनच जातात. शेताचे प्लॉट होतात, प्लॉटांवर कॉम्प्लेक्स उभे राहतात. प्रत्येक कॉम्प्लेक्सला गाळे, लिफ्ट आणि बोर्ड असतो. जमिनीवर पांढरी रेषा असलेले किती आहेत, ते गावात एक चक्कर मारून बोटांवर मोजून पाहा.

गंमत अशी की या रेषा आधीच मारलेल्या असतात, फक्त कागदावर. बांधकामाची परवानगी मागताना नकाशात पार्किंग दाखवावंच लागतं. राज्यानं डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर ती राज्यभर चालते. तिच्यात एका कारची जागा २.५ बाय ५ मीटर आणि एका दुचाकीची १ बाय २ मीटर अशी मापं दिलेली आहेत. आर्किटेक्ट ती चौकटी-चौकटींनी काढून देतो, शिक्का बसतो, इमारत उभी राहते. मग त्या चौकटी कागदावरून जमिनीवर का उतरत नाहीत? एक डबा रंग महाग पडतो म्हणून?

नाही. रेषा साक्षीदार असते म्हणून. नकाशात वीस चौकटी दाखवल्या आणि जमिनीवर बाराच बसल्या, तर आठ कुठे गेल्या हे शाळेतलं पोरगंही विचारेल. मग कळेल की तळघरात गाड्यांऐवजी गोदाम आहे, मागच्या बाजूला जास्तीचा गाळा काढलाय, पुढच्या चार चौकटींवर जनरेटर आणि पत्र्याचं शेड आहे. रेषा नसली की हे सगळं 'मोकळ्या जागे'त खपून जातं. मालक विसरलेला नसतो. त्याला रेषा परवडत नाही, आणि ती पैशाच्या कारणानं नाही.

याची किंमत कोण भरतं तेही बघा. आत जागा नाही म्हणून गिऱ्हाईक गाडी रस्त्यावर लावतं. रस्ता तुंबतो. मग कोणत्याही गावात होतं तेच होतं. अतिक्रमण हटवायची मोहीम निघते आणि पहिली उचलली जाते ती केळीवाल्याची हातगाडी. त्या गाडीवर चार जणांचं घर चालतं. हातगाडी जागा किती खाते? फार तर एका मोटरसायकलीएवढी किंवा दोहोंएवढी. आणि ज्या इमारतीनं दहा गाड्यांची जागा गिळली, तिच्या उद्घाटनाला आपणच हार घेऊन गेलेलो असतो.

आता आक्षेप ऐकतो. पहिला आक्षेप एका ओळखीच्या दुकानदाराचा. ते म्हणाले, "गुर्जी, आपल्या इकडं लाइन कोन पाह्यते? पुन्या-नागपूरचे चोचले हायेत हे!" मी त्यांना विचारलं, बँकेत, रेशनच्या दुकानात लोक रांगेत कसे उभे राहतात? लोक दिसेल ते पाळतात. न दिसणारं कोण पाळणार? दहातले दोघं मोडतील, पण त्या दोघांना हटकायला चौकीदाराच्या हातात काहीतरी येईल. आज तो कशाच्या जोरावर हटकणार?

दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे कार कमी, मोटरसायकली जास्त, मग चौकटी कशाला? अहो, म्हणूनच तर! नुसत्या कारच्या चौकटी आखा असं मी म्हणत नाही. कारच्या एका जागेचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला दोन लागतात. भागाकार केला तर सहा दुचाकी बसतात, प्रत्यक्षात ओळीनं पाच बसतात. म्हणजे आडवी लागलेली एक कार जेव्हा दोन कारची जागा अडवते, तेव्हा ती पाच मोटरसायकलवाल्यांना रस्त्यावर ढकलते. दुचाकींची रांग वेगळी, कारची वेगळी, ऑटोनं माणूस उतरवायला दारासमोर तिरप्या पट्ट्यांची रिकामी जागा वेगळी. आखणी आपल्या गावच्या गाड्या मोजून व्हावी.

तिसरा आक्षेप शिकलेल्या मित्राचा होता. तो म्हणाला, पार्किंगच्या मागं लागून अमेरिकेनं आपली शहरं डांबराची मैदानं करून टाकली. खरं आहे. डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकानं २००५ साली यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं. फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याचे पैसे गाडी नसलेलाही भरतो, असं त्याचं म्हणणं. पण मी जास्त पार्किंग मागतच नाहीये. जे कागदावर दिलंय तेवढंच जमिनीवर दाखवा, इतकंच मागतोय.

आणि एक चौकट तर मागायचीही गरज नसावी, ती अपंगांची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक जिथे येतात-जातात अशी खासगी व्यापारी इमारतही त्यात मोडते. केंद्राच्या मार्गदर्शक मापांनुसार अशी जागा ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत हवी. साध्या जागेपेक्षा हा १.१ मीटर जास्त कशासाठी? गाडीचं दार पूर्ण उघडून बाजूला चाकाची खुर्ची लावता यावी म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सरकारला बजावलं, की सुगम्यतेची किमान मानकं नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ती सक्तीची करा. आपल्याकडे मात्र डॉक्टरच्या दारासमोरची सगळ्यात जवळची जागा डॉक्टरच्याच गाडीची असते.

आता कामाबद्दल. दिवाळीत बोर्ड रंगवायला आलेल्या पेंटरच्या हाती उरलेल्या ऑइल पेंटचा डबा देऊन 'मार दोन लाइनी' म्हणणं, याला आखणी म्हणत नाहीत. धुळीवर मारलेला तो रंग पहिल्या पावसात पापुद्र्यांनी निघतो, आणि असतो तोवर ओल्यात मोटरसायकल घसरते. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. आधी जागा झाडून, धुऊन, पूर्ण वाळवायची. काँक्रीट नवं असेल तर निदान महिनाभर थांबायचं. मग दोरी लावून आखायचं. काटकोन नजरेनं धरायचा नाही. आपला गवंडी करतो तसं एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४ मोजायचे आणि तिरपं माप बरोबर ५ येतं का पाहायचं. पायथागोरस पुस्तकात पाठ करणारी आमची मुलं हे माप स्वतः घेतील.

डांबरावर थर्मोप्लास्टिक चालतं. ते सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून वितळवतात, जाड थरानं पसरतात आणि वर काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणजे रात्री गाडीच्या दिव्यात रेषा चमकते. काँक्रीटवर आधी प्रायमर लागतं. पण आपल्याकडे बहुतेक आवारं गट्टूंची. गट्टू हलतात, सांध्यांवर रंगाचा थर तडकतो. तिथे सगळ्यात पक्का उपाय सगळ्यात सोपा आहे. गट्टू बसवतानाच चौकटीच्या कडेला पिवळ्या गट्टूंची ओळ टाकायची. पुन्हा रंगवायची कटकट नाही. लाखोंचे गाळे विकणाऱ्याला तेवढे रंगीत गट्टू जड जाऊ नयेत.

आता आपल्या लोकांशी थोडं. हे नुसतं बिल्डरवर ढकलून मी मोकळा होणार नाही. यातले कितीतरी गाळे आपल्याच लोकांचे आहेत. आणि जुम्म्याच्या दुपारी मशिदीबाहेर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आत सफ सरळ करा म्हटलं की खांद्याला खांदा लावून, जाजमाच्या रेषेवर टाचा जुळवून उभे राहतो. बाहेर तोच नमाजी कुणाच्यातरी फाटकापुढे गाडी आडवी टाकून आलेला असतो. विचारलं तर म्हणतो, "पाँच मिनट का काम है सर." रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग त्रासाची वस्तू रस्त्यात स्वतःच्या हातानं लावणं काय आहे? नमाज अल्लाहचा हक्क. फाटक अडलेला शेजारी, उतरायला जागा न मिळालेली म्हातारी, हे हुकूकुल इबाद, माणसांचे हक्क. आणि माणसांचा हक्क मारला तर माफी त्या माणसाकडूनच घ्यावी लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कॉम्प्लेक्सला वापराचा दाखला देण्याआधी अधिकाऱ्यानं नकाशा हातात धरून जमिनीवरच्या चौकटी मोजाव्यात. रेषा नाहीत तर दाखला नाही. मंजूर पार्किंगचा नकाशा दारावर लावावा, दवाखान्याच्या वेळांचा फलक लावतात तसा. जुन्या इमारतींतल्या गाळेधारकांनी वर्गणी काढून रेषा मारून घ्याव्यात. आणि सुरुवात आपण मशिदीच्या आवारापासून करू. पुढच्या सुट्टीत मी दोरी आणि खडू घेऊन येतो, नववीची चार मुलंही आणतो. रंगाचा डबा कमिटीनं आणावा.

अम्मीच्या पोटरीवर डाग राहिलाय. गुडघा दाखवायला पुन्हा जायचंय. या वेळी ती विचारते, "बेटा, ऑटो अंदर तक जाएगा ना?" तिला काय सांगू, ते त्या कॉम्प्लेक्सच्या मालकानं मला सांगावं.