पुन्हा अठरा



अलीकडे चार आयाबहिणी एकत्र बसल्या की एक तक्रार हमखास निघते. वाशीम असो, कारंजा असो की रिसोडकडचे एखादे खेडे असो, आई सांगते की पोरगी पुस्तक उघडे ठेवते आणि त्याच्या आड मोबाइलवर कोरियातल्या मालिका पाहते. आपण घरकाम आटोपून दूरदर्शनसमोर बसत होतो, तेव्हा आपल्या सासवाही हेच बोलत होत्या, ते मात्र कोणी आठवत नाही. शिवाय तक्रार करणाऱ्यांपैकी एकीनेही ती मालिका पाहिलेली नव्हती. न पाहता नावे ठेवणे बरे नव्हे, म्हणून मी भाचीला सोबत घेऊन सोळा भागांची एक मालिका शेवटपर्यंत पाहिली. तिचे नाव 'एटीन अगेन', म्हणजे पुन्हा अठरा. २०२० साली सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात ती तिकडच्या जेटीबीसी वाहिनीवर दाखवली गेली. मूळ कल्पना २००९ च्या 'सेव्हन्टीन अगेन' या अमेरिकन चित्रपटाची. कोरियाने त्यात एक वर्ष वाढवले आणि, माझ्या मते, थोडी अक्कलही वाढवली.

गोष्ट अशी आहे. होंग दे-यंग हा सदतीस वर्षांचा संसारी माणूस. शाळेत असताना तो बास्केटबॉलचा नावाजलेला खेळाडू होता. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याच्या मैत्रिणीला, जंग दा-जंगला, दिवस गेले. दोघांनी लग्न केले, जुळी झाली, आणि खेळ तिथेच संपला. पुढची अठरा वर्षे त्याने लोकांच्या घरची यंत्रे दुरुस्त करीत काढली. आता नोकरीवर गंडांतर आले आहे, मुले धड बोलत नाहीत आणि बायको घटस्फोट मागते आहे. अशात तो आपल्या जुन्या शाळेत जातो, मागचे दिवस परत येऊ देत असे मनात म्हणत चेंडू फेकतो, दिवे जातात, आणि मग त्याचे शरीर अठरा वर्षांचे झालेले असते. मनाने तो सदतीसचाच. (आपल्याकडे दिवे गेले की नुसता पंखा बंद पडतो.)

पुढे तो नाव बदलून स्वतःच्याच मुलांच्या शाळेत दाखल होतो. एक जुना मित्र त्याचा बाप म्हणून उभा राहतो. येथे मालिका हसवता हसवता एकदम बोट ठेवते. बाप असताना जे कळले नव्हते ते वर्गमित्र झाल्यावर कळते. मुलाला दांडगट पोरे छळतात. तोच मुलगा बास्केटबॉल सुरेख खेळतो. मुलगी घरी न सांगता दुकानात काम करते. एका छपराखाली राहून बापाला यातले काही ठाऊक नव्हते. आपल्या घरांतल्या किती वडिलांना मुलीची तुकडी सांगता येईल, हे एकदा जेवताना विचारून पाहा.

परंतु माझे मन धरून ठेवले ते दा-जंगने. जादू झाली ती नवऱ्यावर, तिच्यावर नाही. तिला वृत्तनिवेदिका व्हायचे होते. ते स्वप्न तिने दोन लेकरे मोठी होईपर्यंत बाजूला ठेवले आणि सदतिसाव्या वर्षी ती कोवळ्या उमेदवारांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. वय आणि घरदार न विचारता निवड होते तोवर ती पुढे असते. दोन मोठ्या मुलांची आई आहे असे कळले की वरिष्ठांची तोंडे फिरतात. तिच्यासाठी दिवे जात नाहीत. सुरकुत्या, जबाबदाऱ्या, लोकांचे टोमणे सगळे सोबत घेऊन ती सुरुवात करते. मालिकेच्या नावात जे अठरा आहे ते नवऱ्याचे. पण खरे पुन्हा सुरू करणारी तीच आहे.

वय कमी होण्याचा एक खराखुरा प्रकारही कोरियात घडला आहे. तेथील जुन्या रीतीप्रमाणे मूल जन्मताच एक वर्षाचे धरत आणि प्रत्येक १ जानेवारीला सगळ्यांचे वय एकाने वाढत असे. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! २८ जून २०२३ पासून सरकारने जन्मतारखेवरून वय मोजण्याची पद्धत लागू केली आणि अख्खा देश कागदावर एक-दोन वर्षांनी तरुण झाला.

आपल्याकडे हेच काम मुख्याध्यापकांच्या टाकाने कितीतरी आधी केलेले आहे. घरातल्या जुन्या माणसांचे शाळेचे दाखले काढून पाहा. निम्म्या घराची जन्मतारीख १ जून निघेल. आई सांगे, 'पोळ्याच्या आगेमागे झाला', गुरुजी लिहीत '१ जून'. कोणी दोन वर्षांनी लहान झाला आणि नोकरीत दोन वर्षे जास्त टिकला. कोणी उगीच मोठी झाली. आणि कितीतरी आज्यांचा तर दाखलाच नाही, कारण त्यांना शाळेत कोणी घातलेच नाही.

आम्ही मालिका पाहत होतो तेव्हा शेजारच्या एक आजी तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांना गोष्ट अर्धीमुर्धी कळली. भाचीने गंमत म्हणून विचारले, "आजी, तुले कोनी पुन्हा अठराची केली तर?"

आजींनी सुपातली नजर काढली नाही. म्हणाल्या, "अठराची कायले? अठराव्या वर्षी माह्या कडेवर एक अन् पाठीमागं एक होतं. दिवसभर वावरात, राती दळन. थ्या अठरात मले परत नोको धाडू, माय. धाडायचं असन तं आठात धाड. पाटी घेऊन."

भाचीने मालिका थांबवली. मलाही काही बोलता आले नाही. अठरावे वर्ष म्हणजे आयुष्याची बहार, हे आपण सिनेमातून शिकलो. पण ती बहार ज्यांच्या वाट्याला आलीच नाही त्यांनी मागे जाऊन काय पाहायचे? मुलीच्या लग्नाचे किमान वय १८ झाले ते १९७८ साली. आजींचे लग्न त्याच्या आधीचे. तेव्हाच्या कायद्यात ते १५ होते, आणि तेही खेड्यात कोण विचारत होते? बरे, हे सगळे जुने झाले असेही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे जवळपास २२ जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. दा-जंग आणि दे-यंग यांचेही अठरावे वर्ष असेच हातचे गेले होते. म्हणून तर ती मालिका आपल्याला परकी वाटत नाही.

आजींचे आठात जाण्याचे मागणे मात्र अगदीच अशक्य नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत आल्या आणि पाटीवर आपले नाव गिरवू लागल्या. कोणाच्याही सुरकुत्या गेल्या नाहीत.

भाचीने नंतर कोरियाचाच एक चित्रपट दाखवला. 'मिस ग्रॅनी', २०१४ चा. आपल्याकडे २०१९ मध्ये त्यावरून 'ओ! बेबी' हा तेलुगू चित्रपट निघाला. सत्तरी ओलांडलेली एक विधवा आजी फोटो काढायला जाते आणि वीस वर्षांची होऊन बाहेर पडते. गाते, नटते, प्रेमातही पडते. पण अंगातले रक्त गेले की तिचे म्हातारपण परत येणार असते. नेमका नातवाला अपघात होतो आणि त्याला तिचेच रक्त लागते. त्या वेळी मुलगा आईला ओळखतो. तो तिला सांगतो की तू रक्त देऊ नकोस, निघून जा, जे जगायचे राहिले ते जगून घे. आजी जात नाही, ती रक्त देते. मला आजीचा त्याग ओळखीचा वाटला, त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते मुलाचे. आईला 'तू जा, तुझे जग' असे म्हणणारा मुलगा आपण किती वेळा पाहिला?

पुराणकथांवर विसंबण्याचे आपले दिवस गेले, पण ययातीची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ ची, १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेली. त्यामुळे ती कथा अनेकींनी वाचलेली असेल. शापाने म्हातारा झालेला राजा मुलांकडे तारुण्य मागतो. इतर मुले नाकारतात, पुरू देतो. गिरीश कार्नाडांनी १९६१ च्या आपल्या नाटकात पुरूची बायको पुढे आणली. सासऱ्याच्या हौसेत जिचा तरुण नवरा रात्रीतून म्हातारा झाला, तिचे काय? तिला ते सोसत नाही आणि ती जीव देते. कोरियन मालिकेत तारुण्य आकाशातून पडते. ययातीच्या गोष्टीत ते कोणाच्या तरी अंगातून काढून घ्यावे लागते. आपल्या घरांत काय घडते ते पाहिले तर मला ययातीचीच गोष्ट जास्त खरी वाटते. भाऊ शिकला, कारण थोरली चौथीतून निघून लहानग्यांना सांभाळत बसली. त्याच्या पदवीत तिची वर्षे आहेत. नोकरी लागल्यावर त्याने तिला साडी घेतली, पण वर्षे परत दिली नाहीत.

ती परत देण्याची एक वाट सरकारी कागदावर आहे, आणि योगायोगाने तिचा नंबर सतराच आहे. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीच्या परीक्षेला बसता येते. आपला जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. जवळच्या माध्यमिक शाळेत विचारले तर मुदत आणि कागदपत्रे कळतात. वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. गणित अवघड जाते. शिवाय परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन हरबरा काढणीत. अर्ज भरलेली बाई गळते ती बहुधा अभ्यासाने नव्हे, तर तेव्हा वावरात कोण जाईल या प्रश्नाने.

आमच्या वस्तीतल्या चौतीस वर्षांच्या एका सुनेने यंदा हा अर्ज भरायचे ठरवले आहे. तिची शाळा आठवीत सुटली होती. जुन्या शाळेतून दाखला आणला, त्यावर अर्थातच १ जून. नवरा हसला, शाळकरी मुलगाही हसला. सासूबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी काही वेळ ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हरबऱ्याचं मी पाहीन. तू पेपरले जाय."