कीर्तिदालनाचे दार कोणासाठी? बाळू पालवणकर आणि आकड्यांच्या पलीकडचा प्रश्न

१/
मे २०२५ मध्ये वानखेडे मैदानावरील प्रेक्षागारांना तीन नवी नावे मिळाली : रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार. रोहितचे आईवडील एकेकाळी डोंबिवलीत एका खोलीत राहत असत. त्यामुळे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या क्रिकेटवेड्यांना हा आपल्या घरचा सन्मान वाटला, आणि तो स्वाभाविकच होता. त्या आनंदाला लागूनच एक जुना वाद पुन्हा उभा राहिला : असा सन्मान कोणाला, केव्हा आणि कोणत्या मापाने द्यावा? आजचा धागा या वादाविषयी.

२/
वादाचे मूळ त्या पाट्यांतच आहे. रोहितच्या नावाचे अनावरण झाले तेव्हा तो भारताच्या एकदिवसीय संघाचा कर्णधार होता. वाडेकरांनी १९७१ च्या एकाच वर्षात वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच भूमीवर हरवले. त्यांच्या नावाला मात्र ५४ वर्षे थांबावे लागले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, म्हणजे स्वतःच्या नावाची पाटी त्यांना पाहता आली नाही.

३/
घाई आणि दिरंगाई दोन्ही टाळण्यासाठी जगात काही नियम घडले. सर्वांत प्रसिद्ध नियम अमेरिकी बेसबॉलचा. न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन या गावी त्यांचे हॉल ऑफ फेम, म्हणजे कीर्तिदालन आहे. पहिली निवड १९३६ मध्ये झाली. निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबायचे, मग क्रीडापत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मते मिळवायची. टाळ्यांचा आवाज विरल्यावर उरते तीच कीर्ती, हे या नियमामागचे तत्त्व.

४/
आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे (आयसीसी) कीर्तिदालन २००९ पासून आहे. २०२५ पर्यंत त्यात अकरा भारतीय आले : बेदी, गावसकर, कपिलदेव, कुंबळे, द्रविड, तेंडुलकर, विनू मंकड, सेहवाग, डायना एडुल्जी, नीतू डेव्हिड आणि धोनी. यांतील एकाही नावाला माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप गाळलेल्या नावांवर आहे.

५/
आधी सोपी प्रकरणे. विजय मर्चंट : प्रथम श्रेणीत ७१.६४ ची सरासरी, ब्रॅडमननंतर जगात दुसरी. महायुद्धाने कारकिर्दीचा मध्य गिळल्यामुळे कसोट्या अवघ्या दहा. सांगलीचे विजय हजारे : १९४८ मध्ये अॅडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतक, आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचे कर्णधार. सुभाष गुप्ते : ३६ कसोट्यांत १४९ बळी. हे तिघे कसोटीपटू होते, त्यांची नोंद आहे. आज ना उद्या त्यांच्यासाठी दार उघडेल.

६/
कठीण प्रकरण त्या खेळाडूंचे, ज्यांना कसोटी खेळताच आली नाही. मुंबईच्या कोणत्याही कट्ट्यावर येथे पहिले नाव निघते ते पद्माकर शिवलकरांचे. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी. कसोटी सामने मात्र शून्य.

७/
दुसरे नाव अमोल मुझुमदारचे. १९९३-९४ च्या हंगामात रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६०, तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे १७१ सामन्यांत ११,१६७ धावा आणि ३० शतके, पण भारताची टोपी नाही. याच मुझुमदारच्या मार्गदर्शनाखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तोही ठाणे जिल्ह्यातल्याच नेरुळच्या मैदानावर.

८/
या दोघांवर अन्याय झाला का? माझे उत्तर अनेकांना रुचणार नाही : हे दुर्दैव होते, अन्याय म्हणता येणार नाही. शिवलकरांच्या जागी बेदी खेळत होते, ज्यांनी २६६ कसोटी बळी घेतले. मुझुमदारच्या पिढीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. दार उघडे होते, गर्दी मोठी होती. मंडळाने २०१७ मध्ये शिवलकरांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला, तो योग्य न्याय होता. मार्च २०२५ मध्ये ते गेले. मुंबई क्रिकेटने स्वतःचे कीर्तिदालन उभारले, तर या दोघांना त्यात मानाची जागा हवी. आयसीसीच्या दालनासाठी मात्र मी भांडेन ते तिसऱ्याच नावाकरिता.

९/
ते नाव बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाड. चर्मकार समाजातील कुटुंब, ज्याला तेव्हाच्या समाजाने अस्पृश्य ठरवले होते. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात हा तरुण दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत असे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत असे. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्याच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. फलंदाजीची संधी मात्र बाळूला क्वचितच मिळे; नोकराने चेंडू टाकावा, बॅट साहेबाने धरावी, असा तो काळ.

१०/
युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्यातील हिंदू क्लबाला उमगले आणि बाळू संघात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडूच हाताळत. चहाची वेळ झाली की सहकारी तंबूत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता! त्या काळाची सगळी विसंगती या एका दृश्यात सामावली आहे.

११/
मुंबईत आल्यावर ते हिंदू जिमखान्याचे प्रमुख गोलंदाज झाले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, तेव्हा संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला ‘अखिल भारतीय’ संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीच्या बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. समोर इंग्लिश कौंटींचे पट्टीचे फलंदाज होते आणि इंग्लंडच्या खेळपट्ट्यांची त्यांना आधी ओळखही नव्हती.

१२/
कर्णधारपद मात्र त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० मध्ये हिंदू संघातून त्यांना वगळले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी जाहीर निवेदन काढून माघार घेतली. हा केवळ खेळातला रुसवा नव्हता. जातीच्या आधारावर होणाऱ्या निवडीला खेळाडूंनी दिलेले ते उघड आव्हान होते. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले.

१३/
बाळूंचे आयुष्य मैदानावर संपले नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसकडून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांचे राजकारण तुम्हाला पटो वा न पटो, आपल्या काळाच्या मोठ्या प्रश्नांत हा माणूस थेट उभा होता. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१४/
आता मुख्य मुद्दा. प्रथम श्रेणीत त्यांचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. कसोट्या शून्य, कारण भारताची पहिली कसोटी झाली १९३२ मध्ये आणि तेव्हा बाळूंचे वय ५६ होते. शिवलकरांसाठी दारात गर्दी होती. बाळूंसाठी दारच बांधलेले नव्हते. आणि जे छोटे दार होते, त्याच्या बाहेर त्यांना वेगळा पेला घेऊन उभे केले गेले. अशा माणसाकडे आंतरराष्ट्रीय आकडे मागणे म्हणजे जुन्या बंदीवर आज नव्याने सही करणे होय.

१५/
‘मग मोजायचे कसे? भावनेवर नावे आली तर दालनाला अर्थ काय?’ हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर बेसबॉलच्या इतिहासात सापडते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला, त्याआधी अनेक दशके अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांच्यासारखे दिग्गज ‘नीग्रो लीग’मध्ये खेळले. १९६६ मध्ये टेड विल्यम्स या गोऱ्या महान फलंदाजाने स्वतःच्या सत्काराच्या भाषणात या दोघांची नावे घेऊन त्यांना दालनात जागा मागितली.

१६/
१९७१ मध्ये पेजची निवड झाली. सुरुवातीला या खेळाडूंसाठी वेगळा विभाग करण्याचा बेत होता. त्यावर टीकेची झोड उठली, बेत मागे पडला आणि पेज इतरांच्या बरोबरीने आत आला. वेगळा पेला तेथेही पुढे केला गेला होता. फरक इतकाच, की तो नाकारला गेला. २००६ मध्ये विशेष समितीने आणखी १७ जणांची निवड केली.

१७/
मोजमापाचे काय? संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतून एकेक धावफलक जुळवला. २०२४ मध्ये त्या स्पर्धांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली आणि कारकिर्दीतील सर्वोत्तम फलंदाजी सरासरीचा मान गिब्सनकडे आला. त्यासाठी नियम मोडावे लागले नाहीत. पुराव्याची कक्षा वाढवावी लागली.

१८/
आयसीसीनेही असे लवचीक मन दाखवले आहे. २०२१ मध्ये पाच कालखंडांतून दहा खेळाडू निवडले गेले, त्यांत १९१८ पूर्वीचे दोन होते. त्याच यादीत वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन आहेत : १८ कसोट्या, ६३५ धावा, ५८ बळी. नुसत्या आकड्यांवर ते महान ठरत नाहीत. पण लंडनच्या हॉटेलाने वर्णावरून जागा नाकारल्यावर त्यांनी खटला लढवून १९४४ मध्ये जिंकला आणि पुढे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसले. कॉन्स्टंटाइन आत असतील, तर बाळू बाहेर का?

१९/
‘त्या काळचे क्रिकेट दुय्यम होते’ असेही म्हटले जाईल. भारतातले असेलही; इंग्लंडमधले नव्हते. ११४ बळी तिथले आहेत. बाळूंना दया नको, सवलत नको. त्यांनी जे केले ते मोजा, आणि ते कोणत्या परिस्थितीत केले तेही मोजा. एवढीच मागणी आहे.

२०/
ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी यात काय करावे? आपला परिसर मुंबई क्रिकेटच्याच कक्षेत येतो, म्हणून हा वारसा आपलाही. ठाण्याच्या मोठ्या क्रीडांगणाला दादोजी कोंडदेवांचे नाव आहे. त्याच्या एखाद्या भिंतीवर पालवणकर बंधूंची कथा मांडता येईल. आणि दूरचे दालन उघडेपर्यंत जवळचे एक काम आपल्या हाती आहे.

२१/
आपल्या जुन्या क्लबांच्या कपाटांत धावफलकांच्या वह्या कसर खात पडल्या आहेत. टेनिस चेंडूच्या स्पर्धांत हजारो प्रेक्षक खेचणाऱ्या खेळाडूंची नोंद तर बहुधा कोणीच ठेवली नाही. त्या वह्यांची छायाचित्रे घ्या, ज्येष्ठ खेळाडूंच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि मैदान लिहून ठेवा. गिब्सनला न्याय मिळाला तो कोणीतरी जुनी वृत्तपत्रे जपली म्हणून. ज्याची नोंद नाही, त्याची बाजू उद्या कोण मांडणार?

२२/
माझे मत स्पष्ट आहे : आयसीसीच्या दालनात पुढचा भारतीय बाळू पालवणकर असावा, तोही मुख्य भिंतीवर, इतरांच्या रांगेत. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर मांडा. मात्र नाव सुचवताना त्यासोबत एक आकडा द्या आणि त्या आकड्यामागची परिस्थितीही सांगा. इतिहासाचा वाद या दोन्हींशिवाय पुरा होत नाही.