योग्यतेची कसोटी

वैद्यकाची पदवी रुग्णशय्येजवळील परीक्षेवाचून मिळत नाही. अमेरिकेतील अनेक शहरांत पोलीस व अग्निशमन दलांतील बढतीसाठीही अशीच कृतीची कसोटी असते: साचलेले टपाल निकाली काढणे, संतप्त नागरिकाला सामोरे जाणे, असे अभिरूप प्रसंग देऊन प्रशिक्षित परीक्षक गुण देतात.

१९७१ च्या ग्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, कृष्णवर्णीयांना गाळणारी चाचणी कामाशी संबंधित असल्याचे मालकाने सिद्ध केले पाहिजे. १९७२ च्या कायद्याने हे बंधन राज्य व नगर प्रशासनांवरही आले.

आडनावावरून योग्यता ठरविणाऱ्या समाजातून आलेल्या आम्हांस याचे मोल कळते. मात्र परीक्षकही पूर्वग्रहमुक्त नसतो. म्हणून परीक्षक अनेक व विविध समाजांतील असावेत, निकष आधी जाहीर व्हावेत, हा आग्रह सार्वजनिक सेवेत शिरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी धरावा.