चला, सामना पाहायला नेरुळला

सहल म्हटली की आपल्या वस्त्यांमधून ठरलेली नावे निघतात. उत्तनचा किनारा, कान्हेरीची लेणी, एखाद्या वर्षी महाड. यंदा मात्र आमच्या भाईंदरच्या महिला मंडळात वेगळेच नाव निघाले. नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींचा क्रिकेट सामना पाहायला जायचे! सकाळी निघायचे आणि रात्री परत यायचे.

नाव निघण्याचे कारण वाचकांना ठाऊकच आहे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी याच मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या 87 धावा झाल्या. दीप्ती शर्माने अर्धशतक केले आणि वर पाच गडीही बाद केले. त्या रात्री आपल्या घराघरांतून बायका जागल्या. सकाळच्या डब्यांची काळजी असूनही जागल्या.

तरी हरकती निघाल्याच. घरबसल्या टीव्हीवर फुकट दिसते, त्यासाठी एवढी पायपीट कशाला? बायकांनी रात्री उशिरा परतायचे का? आणि घर कोण पाहणार? या प्रश्नांना हसून चालणार नाही, त्यांना उत्तर द्यायला हवे.

आधी पहिल्या हरकतीचे पाहू. मैदानात कोण खेळणार, आणि प्रेक्षकांत कोण कुठे बसणार, हा साधा प्रश्न कधीच नव्हता. धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले पाळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यांचा हात पाहून पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते पुढे 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हे आपण विसरलेलो नाही. पण त्यांच्या चेंडूची फिरकी आणि ते मातीचे भांडे, या दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातल्या आहेत.

अमेरिकेत बेसबॉलची हीच कथा. तिथे काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होती. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि ते दार उघडले. त्या वर्षी त्याला पाहायला काळी कुटुंबे गावोगावहून परक्या शहरांत जात. सिनसिनाटीच्या सामन्यासाठी तर दूरच्या नॉरफोकहून खास रेल्वेगाडी निघाली आणि वाटेत स्टेशनास्टेशनावर माणसे चढत गेली. सामन्याची बातमी त्यांना घरीही मिळाली असती. पण आपले माणूस पहिल्यांदा मैदानात उतरताना आपण तिथे हजर असावे, असे त्यांना वाटले. म्हणूनच आम्ही म्हणतो, टीव्ही आहे म्हणून मैदानावर जायचे नाही, असे होत नाही.

आता नियोजनाकडे वळू. सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाले की शक्यतो शनिवारचा किंवा सुट्टीचा दिवस निवडावा. रविवार सोयीचा वाटतो, पण हार्बर मार्गावर बहुधा रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो. रविवारच घ्यायचा असेल तर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पाहूनच निघावे.

तिकिटे मिळतात मोबाइलवर. मंडळातल्या एकाच शिकलेल्या मुलीवर हे काम सोपवावे, सर्वांचे पैसे आधी गोळा करावेत आणि वहीत लिहावेत. मुलींच्या सामन्यांची तिकिटे पुरुषांच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात. 2023 साली महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात तर बायकामुलींना प्रवेश मोफत होता. दर वेळी तसे नसते, म्हणून चौकशी करावी.

रेल्वेचा मार्ग असा. भाईंदरहूनच सुटणारी लोकल घ्यावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा मिळते. दादरला उतरून मध्य रेल्वेने कुर्ला आणि कुर्ल्याहून हार्बरची पनवेल गाडी. मानखुर्द सुटले की खाडीचा पूल लागतो, मुलांना खिडकीशी बसवावे. वाशी, सानपाडा, जुईनगर आणि मग नेरुळ. गाड्या बदलण्यासह अडीच तास धरावेत. येण्याजाण्याचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट माणशी शंभराच्या आतच बसते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. बायका महिला डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात चढले, तर चुकामूक होते. म्हणून भेटायची जागा आधीच ठरवावी : नेरुळची तिकीट खिडकी.

जेवणाचा डबा घरूनच न्यावा, पण तो स्टेडियमबाहेर संपवावा. मैदानात डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मोठ्या पिशव्या सहसा सोडत नाहीत, आणि आत खायचे पदार्थ महाग असतात. पोळी-भाजी, चटणी-भाकरी खाऊन मगच आत शिरावे. औषधाच्या गोळ्या मात्र चिठ्ठीसह जवळ ठेवाव्यात.

परतीचे सर्वांत महत्त्वाचे. विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. म्हणून परतीच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा स्टेशनवर आधीच लिहून घ्याव्यात आणि त्याआधीची गाडी आपली समजावी. सामना रंगात आला असला तरी ठरलेल्या वेळी उठायचे, हे सर्वांनी आधीच कबूल करावे. दिवसाचा सामना मिळाला तर ही चिंताच उरत नाही.

राहिला प्रश्न घर कोण पाहणार हा. एक दिवस घरातला पुरुष पाहील! आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

आता या सहलीमागचे खरे कारण सांगतो. आमच्या वस्तीतली आठवीतली एक मुलगी मुलांबरोबर गोलंदाजी करते आणि चांगली करते. ती मोठी झाली, आता खेळ बंद, असे घरात ठरत आले आहे. खेळाने पोट भरते का, असे तिचे वडील विचारतात. प्रश्न रास्त आहे. सर्वांचे भरत नाही. पण ज्या पश्चिम रेल्वेने आपण रोज जातो, तिथेच डायना एडलजी नोकरीला होत्या, हरमनप्रीतही होती. मुलींच्या क्रिकेटकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा रेल्वेनेच कितीतरी खेळाडूंना नोकरी दिली. म्हणून मुलीने खेळले तरी शाळा सोडू नये, आणि शाळा आहे म्हणून खेळही सोडू नये, असे आमचे मत आहे.

तेव्हा मंडळाने एक नियम केला आहे. प्रत्येक मुलीने घरातले एक मोठे माणूस बरोबर आणायचे. वडील, आजी, काका, कोणीही. मुलींना पटवावे लागत नाही, पटवायचे आहे ते मोठ्यांना. हजारो लोक एका मुलीच्या चेंडूवर उभे राहून टाळ्या वाजवतात, हे एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहावे. पुढे काय करायचे ते मग त्यांनीच घरी बसून ठरवावे.

मीरा रोड, काशीमिरा, नवघर येथील मंडळांनीही असा विचार करावा. दहा-पंधरा जणांचा गट सांभाळायला सोपा जातो, त्याहून मोठा झाला तर दोन गट करावेत. आणि गट निघाला की बायकांचीच नव्हे, लेकींची नावे आधी लिहावीत.