पोथी वाचणाऱ्यालाही मत असू द्या

मा. अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणी सदस्य,
आंतरराष्ट्रीय संस्कृत अध्ययन संघटना यांस,



विद्वानांच्या संस्थेची घटना सहसा कोणी वाचत नाही. निवडणूक लागली किंवा दोन गटांत वाजले, की मगच नियमावलीवरची धूळ झटकली जाते. हे पत्र मात्र कुठलाही तंटा नसताना लिहितो आहे, कारण नियमांवर शांतपणे बोलायची वेळ तीच असते. मागणी थोडक्यात अशी: सभासद कोण, मतदार कोण आणि सभासदाचे कर्तव्य काय, हे तीन प्रश्न संघटनेने हुद्दे पाहून नव्हे, तर संस्कृतचे काम प्रत्यक्षात कोण करते ते पाहून सोडवावेत.

आपली संघटना 1973 साली पॅरिसमध्ये, प्राच्यविद्या परिषदेच्या एकोणतिसाव्या अधिवेशनाच्या वेळी स्थापन झाली. पहिले अध्यक्ष मद्रासचे डॉ. वे. राघवन, पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे डॉ. रा. ना. दांडेकर यांनीही ते पद भूषवले. ज्या परिषदेच्या अंगणात आपला जन्म झाला, ती त्याआधी बरोबर शंभर वर्षे, 1873 साली, पॅरिसमध्येच सुरू झाली होती. नियमांच्या बाबतीत तिने काय काय पाहिले, हे आठवणे आपल्या उपयोगाचे आहे.

1889 च्या स्टॉकहोम-ख्रिस्तियानिया अधिवेशनानंतर मूळ नियम कोणी मोडले यावरून तिथे अशी फूट पडली, की लंडनमध्ये 1891 आणि 1892 अशा लागोपाठच्या दोन वर्षी दोन अधिवेशने भरली आणि दोन्ही स्वतःला 'नववे' म्हणवून घेऊ लागली. पहिल्यामागे प्राच्यविद्या अभ्यासक लाइटनर होते, दुसऱ्याचे अध्यक्ष मॅक्स म्युलर. याच दुसऱ्या अधिवेशनाकडे पुण्याहून टिळकांनी वेदांच्या काळाविषयीचा आपला निबंध पाठवला होता. तो इतका लांब झाला की इतिवृत्तात त्याचा सारांशच छापता आला आणि मूळ निबंध 1893 साली 'ओरायन' या नावाने पुस्तकरूपाने आला. टिळकांची मते आज किती टिकतात हा वेगळा विषय. पण एका वृत्तपत्राच्या संपादकाचा संशोधननिबंध, तो स्वतः हजर नसताना, परिषदेने विचारात घेतला. त्याआधी 1874 च्या लंडन अधिवेशनातही रा. गो. भांडारकरांना जाता आले नव्हते, तरी नाशिकच्या शिलालेखांवरचा त्यांचा निबंध तिथे स्वीकारला गेला. हजेरीपेक्षा काम मोठे मानण्याची रीत त्या जुन्या, साहेबी थाटाच्या परिषदेतही होती.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट, जी आपल्या नियमांशी अधिक थेट भिडते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, हा आग्रह संस्कृतचे अभ्यासक मॉरिझ विंटरनिट्झ यांनी 1897 साली पॅरिसच्या अधिवेशनात धरला आणि दोन वर्षांनी रोममध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळाची योजनाही मांडली. 1904 साली आंतरराष्ट्रीय अकादमी संघाने हे काम अंगावर घेतले. या संघाचे सभासद म्हणजे बर्लिन, व्हिएन्ना, पॅरिस अशा ठिकाणच्या अकादम्या. व्यक्तीला तिथे स्थान नव्हते आणि भारतातली एकही संस्था सभासद नव्हती. म्हणजे ज्या ग्रंथाची आवृत्ती काढायची, तो ग्रंथ जिथे रोज वाचला जात होता आणि ज्याच्या पोथ्या जिथे घराघरांत होत्या, त्या देशाचा प्रतिनिधीच बैठकीत नव्हता. 1908 साली जर्मन अभ्यासक हाइनरिख ल्यूडर्स यांनी छापलेला नमुना तयार झाला. पुढे महायुद्ध आले, अकादम्यांची राष्ट्रे एकमेकांची शत्रू झाली आणि काम बारगळले.

काम शेवटी झाले ते पुण्यात. 1917 साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1918 साली एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि 1 एप्रिल 1919 रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. 1925 पासून धुरा वि. सी. सुखटणकरांकडे आली. त्यांनी बर्लिनमध्ये शिक्षण घेतले होते ते ल्यूडर्स यांच्याच हाताखाली. म्हणजे शास्त्र बर्लिनमधून आले, पैसा औंधहून आला आणि पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत सगळीकडून आल्या. 1966 साली ही आवृत्ती पुरी झाली तेव्हा 1,259 हस्तलिखिते तपासली गेली होती आणि 19 खंडांत 13,000 हून अधिक पाने छापून झाली होती.

हे काम हातांनी कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेला फुलस्केप कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला एकेक श्लोक ठळक अक्षरांत लिहिलेला. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. पोथीत ज्या अक्षराच्या जागी वेगळे अक्षर दिसेल, ते मूळ अक्षराच्या बरोबर खालच्या चौकोनात भरायचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी रकाना, तळाशी जास्तीच्या श्लोकांसाठी मोकळी जागा. पुण्याखेरीज तंजावर आणि शांतिनिकेतन इथेही हे चालले. शारदा, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या वाचून हे चौकोन भरणारे कोण होते? विद्यापीठाचे काही पदवीधर आणि त्यांच्या शेजारी बसलेले शास्त्री. पाठशाळेत शिकलेले, व्याकरण तोंडपाठ असलेले, परदेशात कोणाला ठाऊक नसलेले.

सुखटणकरांच्या संपादनाचे सूत्र असे, की पोथी देखणी आहे का, कोणत्या संस्थानिकाच्या संग्रहातली आहे, यावरून तिचे मोल ठरत नाही. ती कोणता पाठ जपते यावरून ठरते. संस्थेने आपल्या माणसांनाही हीच कसोटी लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यातून पुढच्या सूचना निघतात.

पहिली सूचना प्रवेशाबद्दल. सभासदत्वाच्या अर्जात विद्यापीठाचे आणि पदाचे नाव विचारायला हरकत नाही. पण तो रकाना रिकामा राहिला म्हणून अर्ज मागे पडू नये. त्याऐवजी अर्जदाराने केलेले एक काम मागावे: एखादा निबंध, पोथीची सूची, संपादित ग्रंथ, किंवा परंपरेने शिकवलेल्या शास्त्राचा पुरावा. दोन सभासदांनी ते काम पाहून शिफारस करावी. भारतरत्न पां. वा. काणे यांचे पोट मुंबईच्या हायकोर्टातल्या वकिलीवर चालत होते आणि त्याच वर्षांत त्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'चे एकामागून एक खंड निघत होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी 'मीमांसाकोश' सिद्ध केला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी 'धर्मकोशा'चे संपादन केले. ही कामे विद्यापीठाच्या विभागात झाली नाहीत. अशा माणसांना आपल्या संघटनेच्या जागतिक संस्कृत परिषदेतल्या पंडितपरिषदेत आणि कविसमवायात बोलावले जाते, हे चांगलेच आहे. पण सन्मान वेगळा आणि मत वेगळे. शाल-श्रीफळाने कोणी सभासद होत नाही.

दुसरी सूचना भाषेबद्दल. अर्जासोबत दिलेले काम संस्कृतमध्ये किंवा मराठी, तमिळ, बंगाली, नेपाळी अशा भाषांत असले तरी ते तितकेच ग्राह्य धरावे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'प्राचीन चरित्रकोश' मराठीत आहे; त्यामुळे त्यातले श्रम कमी ठरत नाहीत. अडचण पारखण्याची असेल, तर प्रत्येक भाषेसाठी दोन-तीन जाणकार सभासदांची यादी ठेवता येईल.

तिसरी सूचना वर्गणीबद्दल. युरोपातल्या प्राध्यापकाला किरकोळ वाटणारी रक्कम सांगलीच्या किंवा कुंभकोणमच्या पाठशाळेतल्या शिक्षकाला जड जाते. त्यातच ती परकी चलनात पाठवायची म्हणजे बँकेचा आकार वेगळा, अर्ज वेगळे. वर्गणी देशाच्या आणि उत्पन्नाच्या मानाने ठरवावी आणि भारत, नेपाळ, श्रीलंका या देशांत ती स्थानिक चलनात भरण्याची सोय एखाद्या संस्थेमार्फत करावी. विद्यार्थ्यांना आणि निवृत्तांना नाममात्र वर्गणी असावी.

चौथी सूचना मतदानाबद्दल, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जागतिक संस्कृत परिषद साधारण तीन वर्षांनी भरते. तूरिन, वायमार, फिलाडेल्फिया, लायडन, मेलबर्न, हेलसिंकी, क्योटो, बँकॉक, व्हँकुव्हर, काठमांडू. भारतात दिल्ली, वाराणसी, बंगळूर. यात तक्रारीचे काही नाही, परिषद फिरतीच असली पाहिजे. पण ज्याला विमानाचे तिकीट आणि व्हिसा मिळाला त्याचाच हात सर्वसाधारण सभेत वर होणार असेल, तर निर्णय विद्वत्तेचा न राहता प्रवासखर्चाचा होतो. कॅनबेराची परिषद 2023 च्या जानेवारीत ऑनलाइन भरली. निबंध दुरून वाचता येतो, तर मतही दुरून देता येईल. पदाधिकाऱ्यांची निवड, पुढच्या परिषदेचे ठिकाण आणि घटनेतली दुरुस्ती हे तीन विषय सर्व सभासदांच्या मताला टाकावेत, मसुदा किमान तीन महिने आधी पाठवावा आणि एका पदावर एका व्यक्तीने सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहू नये.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. दार असे सताड उघडले, तर हौशे, नवशे, गवशे सगळेच आत येतील आणि संस्कृतच्या नावाखाली विमानांच्या कथा वाचल्या जातील. भीती खोटी नाही. 2015 च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. पण तो गल्लीतल्या एखाद्या सभेत नव्हे, देशातल्या मान्यवर व्यासपीठावरून वाचला गेला, हेही लक्षात घ्या. उलट ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा आधार या कथांना दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे हे 1974 साली दाखवून दिले, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी. विमानांचे गणित तर त्यांनी तपासलेच, पण ग्रंथाच्या भाषेकडेही पाहिले. हुद्द्याने भाकडकथा अडत नाहीत. काम तपासल्याने अडतात. म्हणून दार रुंद करा आणि पारख कडक करा.

पाचवी सूचना कर्तव्याबद्दल. सभासदाला काय मिळेल हे सगळ्याच घटनांत असते. तो काय देणे लागतो हेही लिहा. 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला, ग्रंथ आणि हस्तलिखितांची नासधूस केली. निमित्त होते परदेशातल्या एका अभ्यासकाचे पुस्तक आणि त्यात मानलेले संस्थेचे आभार. त्या पुस्तकाच्या बाजूने किंवा विरोधात मला इथे काहीच म्हणायचे नाही. पण परिणाम लेखकाच्या महाविद्यालयाला नव्हे, पुण्यातल्या ग्रंथालयाला आणि तिथे रोज कामाला येणाऱ्या माणसांना भोगावा लागला. जगातले अभ्यासक ज्या संग्रहांवर जगतात, त्यांच्या पाठीशी उभे राहणे हा सौजन्याचा नव्हे, नियमाचा भाग व्हावा. ज्या संग्रहातली पोथी वापरली, तिथे आपल्या निबंधाची प्रत आणि पोथीची छायाचित्रे विनामूल्य जमा करणे सभासदावर बंधनकारक असावे. संग्रहावर संकट आले, तर संघटनेने ठरावीक मुदतीत जाहीर भूमिका घ्यावी आणि डागडुजीसाठी छोटा का होईना, कायम निधी राखावा. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या पोथ्या 2007 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदपुस्तकात गेल्या. ती नोंद साऱ्या जगाची, आणि छप्पर गळले तर मात्र एकट्या पुण्याचे, हा हिशेब न्याय्य नाही.

या सूचना पुण्यातून येत आहेत म्हणून त्या पुण्यासाठी आहेत असे समजू नका. तंजावर, मैसूर, वाराणसी, काठमांडू इथल्या कुठल्याही संग्रहात हेच चित्र आहे: पोथी वाचता येणारी माणसे वयाने थकत चालली आहेत आणि शारदा किंवा नंदिनागरी लिपी सराईतपणे वाचणारे तरुण मोजकेच उरले आहेत. त्यातल्या कित्येकांच्या नावापुढे कसलेच पद नाही. त्यांना वगळून चालणारी संघटना संस्कृतविषयी बोलू शकेल, संस्कृतचे काम करू शकणार नाही.

म्हणून विनंती अशी, की घटनादुरुस्तीसाठी पाच जणांची समिती नेमावी, तिच्यात निदान दोघे विद्यापीठाबाहेरचे असावेत, तिने आपला मसुदा इंग्रजीबरोबर संस्कृतमध्येही प्रसिद्ध करावा आणि पुढच्या परिषदेच्या वेळी त्यावर सर्व सभासदांचे मतदान व्हावे. महाभारताच्या वेळी पोथ्या वाचणारे बैठकीबाहेर राहिले आणि आंतरराष्ट्रीय योजना कागदावरच राहिली. आपल्या हातून तसे होऊ नये.



आपला,
पुण्यातील एक संस्कृतवाचक