पहाऱ्यावर पहारा

कार्तिकी पौर्णिमेस बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास पायी दिंड्या येतात. तेथे कोणी कोणाची पावले मोजत नाही. श्रद्धेच्या कामाला पहारा लागत नाही, हे खरे; पण मजुरीच्या कामाला तो किती असावा?

दुष्काळी मुलुखाला हा प्रश्न नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपट असे, खोदलेल्या मातीचे मापही घेतले जाई. त्या हिशेबात मजुराचा अपमान नव्हता. १ जानेवारी २०२३ पासून मात्र केंद्राच्या रोजगार हमी कायद्याखालील बहुतेक कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा मजुरांची छायाचित्रे पाठविणे सक्तीचे झाले. हेतू बोगस हजेरी रोखण्याचा. परंतु नेमून दिलेले काम लवकर उरकणाऱ्या बाईलाही दुसऱ्या छायाचित्रासाठी ताटकळणे आले. आणि जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच नमूद करावे लागले, की छायाचित्राचे छायाचित्र काढूनही हजेरी लागते! उपाय काय, तर ती छायाचित्रे तपासण्याचे काम ग्रामपंचायतीवर आले. पहाऱ्यावर पहारा बसला.

अतिसूक्ष्म नियंत्रण म्हणतात ते हेच. वरिष्ठाची नजर कामावरून ढळते आणि कामकऱ्यावर खिळते. लबाडाला पळवाट सापडते, खोळंबा प्रामाणिकाचा होतो. हिशेब अवश्य घ्यावा. पण तो झालेल्या कामाचा, आणि ग्रामसभेत, गावादेखत घ्यावा. बांध किती झाला हे गावाला दिसते. त्यासाठी दिल्लीने घटकाघटकाला डोकावण्याचे कारण नाही.