आधी एक्सपोजर, मग कलर ग्रेडिंग

‘राहू दे, ग्रेडिंगमध्ये बघून घेऊ’ हे वाक्य शूटिंगच्या वेळी तुम्हीही ऐकलं असेल. मला ते मुळीच पटत नाही. आकाश एकदा पांढरंफटक पडलं की तिथले ढग नोंदलेच जात नाहीत. मग सॉफ्टवेअर ते आणणार कुठून? सावली थोडीफार उजळता येते, पण फार ओढली की दाणे दिसतात.

म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. ऑटोवर उजेड शॉटच्या मध्येच बदलतो आणि असा शॉट ग्रेड करताना जीव नकोसा होतो. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 ठेवा. हालचाल नैसर्गिक दिसते, शिवाय आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. दुपारच्या उन्हात चित्र जळायला लागलं तर शटरला हात लावू नका, एनडी फिल्टर लावा. लेन्सचा गॉगलच म्हणा ना!

मग जळालेल्या भागावर तिरके पट्टे दाखवणारा झेब्रा चालू करा. कपाळावर पट्टे आले तर अ‍ॅपर्चर कमी करा. मागचा बल्ब जळाला तर खुशाल जळू दे. फक्त सोनीच्या एस-लॉग3 मध्ये पांढरं साधारण 94 टक्क्यांवरच संपतं. तिथे 100 वर लावलेला झेब्रा कधी दिसणारच नाही.